सीलबंद के-पॉप अल्बम: पहिला घ्यावा, दुसरा का घेऊ नये

नाशिकमध्ये के-पॉपचा, म्हणजे कोरियन पॉप संगीताचा, कोरियात छापलेला अस्सल अल्बम घ्यायचा तर वाटा तीनच. ऑनलाइन दुकान, कुणीतरी चालवलेली ग्रुप ऑर्डर (अनेकांनी मिळून दिलेली एकच मोठी ऑर्डर), नाहीतर कॉलेज रोड-गंगापूर रोडकडच्या एखाद्या गिफ्टच्या दुकानात ठेवलेला एखाददुसरा नग. किंमत साधारण दीड ते अडीच हजार रुपये. हे परीक्षण त्या वस्तूचं आहे आणि ती ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीचंही. वस्तू चांगली आहे. पद्धत चांगली नाही, आणि ती मुख्यतः शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींवर चालवली जाते, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहावं लागतंय.

आधी वस्तू. जाड पुठ्ठ्याची पेटी, साधारण ८० ते १०० पानांचं फोटोबुक, सीडी, गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका, घडीचं पोस्टर, स्टिकर किंवा पोस्टकार्डं, आणि एक किंवा दोन फोटोकार्डं. छपाई उत्तम असते. कागद जाड, रंग खोल, पेटीचे कोपरे नीट बसवलेले. या दर्जाचं चित्रपुस्तक आपल्याकडे छापून घ्यायचं म्हटलं तर दीड हजारात होणार नाही. कच्चा दुवा बांधणीचा. बरीच फोटोबुकं नुसत्या गोंदावर बांधलेली असतात; पहिल्याच दिवशी पानं पूर्ण सपाट उघडली की पाठीचा गोंद तडकतो आणि मधली पानं सुटतात. नवं पुस्तक पुढून दहा पानं, मागून दहा पानं असं हळूहळू मध्याकडे उघडत न्यावं. सीडी वाजवायला बहुतेक घरांत आता यंत्रच उरलेलं नाही. गाणी फोनवर ऐकली जातात आणि सीडी पेटीतच राहते.

मग इतके अल्बम खपतात कशासाठी? कोरियाच्या ग्राहक संस्थेने २०२३ मध्ये चाहत्यांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी अल्बम सोबतच्या वस्तूंसाठी घेतल्याचं सांगितलं. त्या वस्तूंत पहिला मान फोटोकार्डाचा. साधारण ५५ बाय ८५ मिलिमीटर, म्हणजे खिशातल्या एटीएम कार्डाएवढं. एका बाजूला एका सदस्याचा फोटो, मागे समूहाचं नाव किंवा हस्ताक्षर. ही पद्धत २०१० मध्ये गर्ल्स जनरेशन या कोरियन समूहाच्या अल्बमपासून रुळली असं मानलं जातं. कार्ड कोणाचं येणार हे पेटी फोडल्याशिवाय कळत नाही. परीक्षणाचा मुख्य मुद्दा इथे सुरू होतो.

सात जणांचा समूह धरा. प्रत्येक अल्बममध्ये एक कार्ड आणि सातही कार्डं सारख्या संख्येने छापलेली. आपल्या बायसचं, म्हणजे सर्वांत आवडत्या सदस्याचं, कार्ड मिळायला सरासरी सात अल्बम लागतात. सरासरी म्हणजे हमी नव्हे. सात अल्बम घेऊनही ते कार्ड न येण्याची शक्यता ३४ टक्के उरते. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर १५ अल्बम. सातही जणांचा पूर्ण संच एकट्याने, अदलाबदल न करता जमवायचा तर सरासरी १८. तेरा जणांच्या समूहाचा संच जमवायला सरासरी ४१ अल्बम लागतात. एकाच अल्बमची दोन-तीन रूपं काढून प्रत्येकाची कार्डं वेगळी ठेवली की हे आकडे आणखी फुगतात. शिवाय कार्डं सारख्या संख्येने छापली असतील हे आपण गृहीत धरलेलं आहे. पेटीवर शक्यतेचा आकडा छापलेला नसतो. हजारो रुपये मोजणाऱ्याला शेकडा किती संधी आहे एवढंही सांगितलं जात नाही, हा या वस्तूतला सर्वांत मोठा दोष आहे. पाकिटावर एक ओळ वाढवून तो दूर करता येईल.

आता हिशेबाची दुसरी बाजू. फोडलेल्या अल्बममधलं साधं कार्ड चाहत्यांच्या आपसातल्या बाजारात साधारण २५० ते ६०० रुपयांना मिळतं. लोकप्रिय सदस्याचं महाग, बाकीच्यांची स्वस्त. म्हणजे दोन हजारांचे सात अल्बम, १४ हजार रुपये, आणि तरी कार्डाची खात्री नाही. त्याऐवजी तेच कार्ड समोर पाहून पाचशेला. पहिला अल्बम फोटोबुकासाठी घ्या, तो पैसे वसूल आहे. कार्डासाठी दुसरा घेऊ नका. सुटं कार्ड विकत घ्या किंवा अदलाबदल करा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सुटी कार्डं बाजारात येतात ती कुणीतरी पेटीभर अल्बम फोडले म्हणूनच, मग सुटं कार्ड घेणारा त्याच साखळीत नाही का? आहे. पण दोन चाहत्यांनी आपापल्या डुप्लिकेटची अदलाबदल केली तर नवा अल्बम छापला जात नाही, उलट दोघांचीही पुढची खरेदी टळते. नफ्यासाठी ठोक अल्बम फोडणाऱ्याकडून दुर्मीळ कार्ड हजारोंना घेणं वेगळं. तो पैसा पुढच्या ठोक खरेदीत जातो. म्हणून अदलाबदल पहिली, दुसऱ्या चाहत्याचं डुप्लिकेट दुसरं, आणि ठोकवाल्याचं शेवटी, शक्यतो नाहीच.

कंपन्या हे का करतात याचं उत्तर विक्रीच्या मोजणीत आहे. हानटेओ या कोरियन तक्त्यावर पहिल्या आठवड्याची विक्री स्वतंत्र मोजली जाते आणि तिचा आकडा बातमी बनतो. फॅन-साइनची, म्हणजे कलाकाराला भेटून हस्ताक्षर घेण्याच्या कार्यक्रमाची, सोडत अल्बमच्या संख्येवर चालते: एक अल्बम, एक चिठ्ठी. किती अल्बम घेतले की नंबर लागतो हे जाहीर होत नाही, त्यामुळे चाहते अंदाजाने आकडा वाढवत जातात. २०२० पासून व्हिडिओ कॉलवरचे फॅन-साइन आले आणि परदेशातले चाहतेही या सोडतीत ओढले गेले. भेट मिळते एक-दोन मिनिटांची. सोडतीसाठी घेतलेले अल्बम बऱ्याचदा मागवलेही जात नाहीत, कारण कुरिअरचा खर्च अल्बमपेक्षा जास्त होतो. कोरियाच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार अल्बमसाठी वापरलेलं प्लास्टिक २०१७ मध्ये ५५.८ टन होतं, २०२२ मध्ये ८०१.५ टन. २०२४ च्या एप्रिलअखेर टोकियोच्या शिबुयात सेव्हन्टीन या के-पॉप समूहाच्या तेव्हाच्या ताज्या अल्बमचे ढीग रस्त्यावर टाकलेले दिसले. हा कचरा चाहत्यांच्या बेफिकिरीने झाला असं म्हणणं अन्यायाचं आहे. आतली सीडी नको असताना ती घ्यायला लावणारी रचना कंपनीची आहे. याच मुद्द्यावर २०२१ पासून के-पॉप फॉर प्लॅनेट ही चाहत्यांचीच मोहीम कंपन्यांकडे दाद मागते आहे.

हे फक्त कोरियात चालतं असंही नाही. अमेरिकन गायिका बिली आयलिशने २०२४ मध्ये एकाच अल्बमची ढीगभर व्हायनल (जुन्या धाटणीच्या तबकडीची) रूपं काढणाऱ्या बड्या कलाकारांवर उघड टीका केली होती. टेलर स्विफ्टच्या २०२२ च्या ‘मिडनाइट्स’ची चार व्हायनल रूपं अशी होती की चारही मागची कव्हरं जोडली की घड्याळाची तबकडी पूर्ण व्हावी. तिथे निदान कोणतं रूप आपण घेतोय हे डोळ्यांना दिसत होतं. बंद पेटीत तेवढंही दिसत नाही.

प्लास्टिकवर उपाय म्हणून २०२२ पासून सीडी नसलेले अल्बम निघाले. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून गाणी ॲपमध्ये ऐकायची. आकार तळहाताएवढा, वजन कमी, त्यामुळे नाशिकपर्यंतचं भाडंही कमी. फोटोबुक मात्र नसतं, आणि फोटोकार्ड कोणाचं आहे ते इथेही सांगितलेलं नसतं. कचरा घटला, जुगार तसाच राहिला. फोटोबुकासाठी घेणाऱ्याला हे रूप उपयोगाचं नाही, आणि कार्डासाठी घेणाऱ्याला त्यात जास्त धोका आहे, कारण स्वस्त वाटतं म्हणून संख्या पटकन वाढते.

आता नाशिकमधली ग्रुप ऑर्डर. वीस-तीस चाहते मिळून एक मोठी ऑर्डर देतात, चालवणारी बहुतेक कॉलेजातली मुलगी असते. आधी फॉर्म निघतो आणि ज्याने त्याने आपला सदस्य धरून ठेवायचा. अल्बम चालवणारीकडे फोडले जातात, आणि कार्ड ज्याचं त्याला जातं. खरं तर बंद पेटीच्या अन्यायावर चाहत्यांनी शोधलेला हा सर्वांत शहाणा तोडगा आहे: कोणतं कार्ड मिळणार हे पैसे देण्याआधी ठरतं. पण पैसे दोन-तीन हप्त्यांत जातात. पहिल्यांदा अल्बम किंवा कार्डाचे, माल निघाला की आंतरराष्ट्रीय भाड्याचे आणि कस्टमचे, शेवटी नाशिकमध्ये हातोहात किंवा स्पीड पोस्टाने देण्याचे. जाड फोटोबुकाचा अल्बम सहज अर्धा किलो भरतो, आणि काही कुरिअर खऱ्या वजनाऐवजी पेटीच्या आकारमानावर दर लावतात. दुसऱ्या हप्त्याचा अंदाज आधी विचारला नाही तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

पैसे पाठवण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. न धरलेल्या सदस्यांच्या कार्डांचा खर्च कोण उचलणार? कोपरा दबलेला आला तर? प्री-ऑर्डरसोबतचं जादा कार्ड, म्हणजे पीओबी, कोणत्या दुकानाचं आहे? प्रत्येक दुकानाचं पीओबी वेगळं असतं, आणि सगळ्यांत जास्त भांडणं त्याच्यावरून होतात. लोकप्रिय सदस्याला जास्त आणि कमी लोकप्रियाला कमी असा दर लावलेला असेल तर तो फॉर्ममध्येच दिसायला हवा, नंतर सांगितलेला मान्य करू नये. चांगली चालवणारी परदेशी ऑर्डरची पावती दाखवते, पेटी फोडतानाचा न कापलेला व्हिडिओ देते, आणि जमा-खर्चाची शीट सगळ्यांना उघडी ठेवते. पावती मागितल्यावर जी चिडते, तिच्याकडे पैसे ठेवू नका.

कस्टमबद्दल एक गैरसमज अजून चालतो: पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की कर लागत नाही. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून पोस्टाने किंवा कुरिअरने कर न भरता भेट म्हणून माल आणायला मनाई आहे; पूर्ण कर भरला तरच तो आणता येतो. खोटी किंमत लिहून मागवलेलं पार्सल अडकलं तर दंडाचा आणि मालाचा धोका मागवणाऱ्यावर येतो, विकणाऱ्यावर नाही. कर मालाच्या किमतीवर अधिक भाड्यावर लागतो हेही लक्षात ठेवून हिशेब करावा.

गिफ्टच्या दुकानांत आणि मेन रोडच्या बाजूला जे मिळतं ते बहुतेक वेगळंच असतं: पन्नास-पंचावन्न कार्डांचा लहान डबा, दोनेकशे रुपयांना. ही कार्डं कंपनीची नाहीत, इंटरनेटवरचे फोटो घेऊन छापलेली आहेत आणि त्यातून कलाकाराला काही मिळत नाही. तरी पाचवी-सहावीतल्या मुलीला दप्तरावर लावायला हवं असेल तर आत काय आहे ते तिला दिसतं, एवढी सचोटी त्यात आहे. दुकानदाराने ते ‘ओरिजिनल’ म्हणून अल्बम-कार्डाच्या भावात विकलं की फसवणूक सुरू होते. विकायला ठेवलेल्या सीलबंद आयात अल्बमवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपीचं लेबल हवं. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. लेबल नसेल तर बिल मागा. बिलही नसेल तर घेऊ नका.

सुटं कार्ड अस्सल आहे का हे बघायला दहापटीचं भिंग पुरतं. कारखान्यातल्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके एकसारख्या जाळीत बसतात. घरगुती प्रिंटरच्या छपाईत ते विस्कटलेले दिसतात. चारही कोपऱ्यांची गोलाई सारखी असावी. मागच्या बाजूची बारीक अक्षरं फुटलेली नसावीत. चेहऱ्याचा रंग लालसर किंवा पिवळसर झाला असेल तर ते बहुधा स्कॅनवरून छापलेलं आहे. लांबून घेत असाल तर कार्डाशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा, आणि तिरक्या उजेडात हलवत काढलेला व्हिडिओ मागा. सरळ फोटोत ओरखडे आणि दबलेल्या रेषा लपतात.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात, कारण नाशिकचा पावसाळा याबाबतीत वाईट. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा चकचकीत कागदाला चढतो आणि फोटोबुकाची पानं एकमेकांना चिकटतात. अल्बम उभे ठेवा, दाबून नको. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि रंग बदलला की बदला. कार्डाला आधी मऊ पॉलिप्रॉपिलिनचं स्लीव्ह (पातळ पाकीट), मग टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट. मऊ पीव्हीसीचे स्वस्त पाउच टाळा. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने कार्डाला चिकटतो आणि पृष्ठभाग धूसर होतो. लॅमिनेशन कधीच करू नका, उष्णतेने कार्ड कायमचं बदलतं आणि कुणी ते अदलाबदलीत घेत नाही.

जादा अल्बम घरात पडलेच असतील तर ते सुटे करा. फोटोबुक आणि पुठ्ठा रद्दीवाला घेतो. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, ती रद्दीत चालत नाही; घंटागाडीत सुक्या कचऱ्यात वेगळी द्या, ओल्यात मिसळू नका. त्याआधी शाळेत, क्लासमध्ये, ग्रुपमध्ये कुणाला नुसतं फोटोबुक हवं आहे का विचारा. कार्ड काढून घेतलेले अल्बम निम्म्याहून कमी किमतीत जातात, आणि नव्या चाहत्यासाठी तीच सर्वांत चांगली पहिली खरेदी आहे.

दुसऱ्या देशांनी या विक्रीला थोडी वेसण घातली आहे. जपानने २०१२ मध्ये मोबाइल गेममधला असा प्रकार बंद केला, ज्यात यदृच्छेने निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच बक्षीस मिळायचं. चीनने २०२३ च्या मार्गदर्शक नियमांत ब्लाइंड बॉक्समधली, म्हणजे आत नेमकं काय ते न सांगता विकलेल्या डब्यांमधली, शक्यता जाहीर करायला सांगितली आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते विकायला मनाई केली. लबूबूच्या बाहुल्यांचे डबे याच जातीचे. त्यातल्या एका मालिकेत गुप्त बाहुलीची संधी ७२ मध्ये एक अशी सांगितलेली होती, आणि ७२ डबे घेऊनही ती न मिळण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर राहते. निदान आकडा सांगितलेला होता. कोरियात २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने के-पॉपचा माल विकणाऱ्या चार कंपन्यांना, म्हणजे हाइबची वीव्हर्स कंपनी, एसएम ब्रँड मार्केटिंग, वायजी प्लस आणि जेवायपी थ्री सिक्स्टी यांना मिळून १ कोटी ५ लाख वॉन दंड केला. कारण होतं मालपरतीच्या बेकायदा अटी: पाकीट फोडलं की परत नाही, खराब निघालं तर फोडतानाचा व्हिडिओ दाखवा, वगैरे. रक्कम रुपयांत सहा-साडेसहा लाख. चारही कंपन्यांची उलाढाल पाहता ती नगण्य आहे, पण अट बेकायदा ठरली हे महत्त्वाचं.

आपल्याकडे बंद पेटीसाठी वेगळा नियम नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. माल वेगळा, खोटा किंवा खराब निघाला तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानेही झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी, कारण तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ग्रुप ऑर्डर चालवणारी व्यक्ती काहीही नफा घेत नसेल तर तिला विक्रेता धरायचं का यावरच वाद होतो, म्हणून तिथे कागद आधीपासून पक्के हवेत. आणि १८ वर्षांखालच्या मुलाने ‘माघार घेतल्यास पैसे परत नाहीत’ असं मान्य केलं तरी तो करार कायद्याने त्याला बांधत नाही; चालवणाऱ्यांनी फॉर्ममध्ये वयाचा रकाना ठेवावा आणि लहान मुलांचे पैसे पालकांच्या खात्यातूनच घ्यावेत. तक्रारीला यूपीआयच्या पावत्या, फॉर्मचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याने कार्डाचं केलेलं वर्णन आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ जोडा. व्हिडिओ पत्त्याच्या लेबलपासून सुरू करा आणि कार्ड स्लीव्हमध्ये जाईपर्यंत कॅमेरा बंद करू नका.